पदर दोन्ही खांद्यांवर

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, हे मला शाळेत कळलं नाही आणि आता कळून उपयोग नाही. अक्षर तर असं की दुधाचे खाडे लिहून ठेवले तर दूधवाला म्हणायचा, "वहिनी, तुम्हीच वाचून दाखवा." वही मुलीची आहे, कॉलेजातली, मागची पानं कोरी राहिली होती. ही कुणी वाचावी असं काही नाही. पण कपाट आवरताना कुणाच्या हाती लागलीच, तर चुकांना एकदा पोटभर हसून घ्यावं आणि मग पुढे वाचावं.

लिहायचं कारण एवढंच की आमच्या घरात एक गोष्ट फार वर्षं चुकीची सांगितली जाते. सांगणारे आमचे हे. पाहुणे आले, चहा झाला, की हे खुर्चीत मागे रेलतात आणि म्हणतात, "आमच्या हिने एकदा एक रुपया विकत घेतला, माहिती आहे का?" पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या रुपयाला अकराशे पडले होते. मुलगी कॉलेजात गेली तोवर पंधराशे झाले. मागच्या दिवाळीत व्याह्यांसमोर बावीसशे. लिलाव संपून इतकी वर्षं झाली, पण ह्यांची बोली अजून चढतेच आहे. मी आतून ऐकते आणि गप्प बसते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून लिहिते. खरा आकडा अकराशे.

ह्यांना जुन्या नाण्यांचा नाद. लग्न ठरवताना हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एवढंच, की मुलगा मुंबईत नोकरीला आहे, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. ते खरंच आहे. सुपारीला पैसे उरले तर ना. आम्ही नेरूळला एका खोलीच्या नव्या घरात राहायला आलो, तेव्हा टेम्पोतून भांडी उतरायच्या आधी बिस्किटांचे सहा डबे उतरले. हे ते स्वतः छातीशी धरून वर घेऊन गेले. मला वाटलं, बिस्किटं आहेत.

त्या डब्यांवरून आमचं पहिलं भांडण झालं, तेही सांगून टाकते. दसऱ्याला मी देवाची भांडी घासत होते. डब्यातले तांब्याचे काळे पैसे दिसले, म्हटलं यांनाही हात फिरवावा. चिंच-मीठ लावून पन्नासएक नाणी अशी लख्ख केली की बघत राहावं. हे ऑफिसातून आले, बघितलं, आणि बूट न काढता जमिनीवर बसले. "अगं, दीडशे वर्षांचं काळेपण होतं ते," म्हणाले. मी म्हटलं, "हो ना, निघता निघेना." त्या रात्री हे जेवले नाहीत. नाणं काळं असेल तर मोलाचं आणि घासलं की मातीमोल, हे मला कुठल्या इयत्तेत शिकवलं होतं?

वाशीला एका शाळेच्या हॉलमध्ये दर तीन महिन्यांनी नाणेवाल्यांचं प्रदर्शन भरायचं. ऐंशीनंतरची गोष्ट. टेबलांवर काचा, काचांखाली नाणी, काचांवर वाकलेली डोकी. दुपारी चारला लिलाव. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा दारातून पाहिलं. ऑफिसात ह्यांना कुणी 'बसा' म्हणत नाही, हे मला ठाऊक होतं. ह्यांचा साहेब ह्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. पण त्या हॉलमध्ये मोठमोठी माणसं हातात नाणं घेऊन ह्यांच्यापाशी येत होती. "जरा बघता का हो? खरं आहे का?" हे डोळ्याला भिंग लावायचे, नाणं बोटावर टिचकवून आवाज ऐकायचे, आणि म्हणायचे, "ओतीव आहे. परत करा." माणूस निमूट परत करायला जायचा. बसमध्ये उभे राहून येणारा माझा नवरा तिथे असा ताठ बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. डबा देऊन मी परत आले.

तर त्या वर्षी लिलावात अलिबागचा रुपया येणार होता. अलिबागी रुपया म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टांकसाळीतला, चांदीचा, जाडजूड. ह्यांचं गाव तिकडचंच. सासरे सांगायचे की त्यांच्या आजोबांनी बैलजोडी अलिबागी रुपयांत घेतली होती. बैल गेले, रुपये गेले, गोष्ट राहिली. हे पंधरा वर्षं तो रुपया शोधत होते. लिलावाचा कागद आला त्या दिवशी हे भाजीत मीठ नाही हेसुद्धा बोलले नाहीत.

बोनसमधले तीनशे रुपये ह्यांनी बाजूला काढले. तीनशेच्या वर एक पैसा नाही, असं मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पण अडचण दुसरीच होती.

"मी पाटी वर केली की संपलं," हे म्हणाले. हॉलमध्ये प्रत्येकाला नंबराची पुठ्ठ्याची पाटी मिळते, ती वर केली की बोली. "सगळे म्हणतात, हा घेतोय म्हणजे वस्तू चांगली असणार. लगेच चढवतात. आणि माझे कानही लाल होतात."

ते खरं. ह्यांचे कान म्हणजे सिग्नल.

"मग?"

"तू बस. तुला तिथे कोण ओळखतं?"

"मी? एवढ्या पुरुषांत?"

"हात वर करायचा नाही, तोंड उघडायचं नाही, उठायचं नाही. नुसतं बसायचं."

"आणि बोली?"

"पदराने," हे म्हणाले, आणि असे हसले की जणू टांकसाळ ह्यांनीच काढली होती.

लिलाव पुकारायचे ते एक निवृत्त गुरुजी. हातोडी म्हणून शाळेच्या घंटेचा लाकडी टोल वापरायचे. ज्याला गुपचूप घ्यायचं असेल त्याने गुरुजींशी आधी खूण ठरवायची, ही तिथली रीतच होती. कुणी चष्मा काढून ठेवी, कुणी पेन खिशाला लावी. गुरुजी ती खूण कागदावर लिहून घेत आणि खाली सही घेत. ह्यांनी आमची खूण लिहून दिली. पदर दोन्ही खांद्यांवर असेल तोवर बोली चालू. उजव्या खांद्यावरून पदर खाली टाकला की बंद. घरी आरशासमोर माझ्याकडून दोनदा करून घेतलं. घेतला, टाकला. घेतला, टाकला. "झालं! यात काय आहे?" हे म्हणाले. आरसा एकटाच बघत होता, त्यामुळे मलाही तसंच वाटलं.

त्या दिवशी मी शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसले. हॉलमध्ये चाळीसएक माणसं, बाई मी एकटी. संशय नको म्हणून हे व्हरांड्यात चहाच्या टेबलापाशी थांबले. अलिबागचा रुपया आला तेव्हा मी पदर नीट ओढून घेतला. कुणाचंच लक्ष नव्हतं.

शंभरपासून बोली निघाली. चार-पाच जण होते. दोनशेच्या पुढे दोघेच राहिलो. दुसरे कळंबोलीचे लोखंडवाले शेठ. मूळचे साताऱ्याकडचे, अंगाने भरलेले, पांढरा सफारी. ते पहिल्या रांगेत पाटी मांडीवर ठेवून नुसती मान हलवायचे.

"पावणेतीनशे, शेठ. तीनशे, मागून," गुरुजी म्हणाले.

'मागून' म्हटल्यावर शेठ मागे वळले. शेठ वळले म्हणून त्यांची रांग वळली. मग सगळा हॉल वळला. चाळीस पुरुष माझ्याकडे बघत होते.

"साडेतीनशे," शेठ माझ्याकडे बघतच म्हणाले.

आता पदर टाकायचा होता. तीनशे झाले होते, माझं काम संपलं होतं. पण मला कुणी सांगावं, चाळीस परके पुरुष टक लावून बघत असताना खांद्यावरचा पदर खाली कसा टाकायचा? माहेरी मला एकच गोष्ट नीट शिकवली होती. कुणी बघितलं की पदर घट्ट घ्यायचा. तीच मी केली. घट्ट घेतला.

"चारशे, मागून," गुरुजी म्हणाले.

बाकीचे आणखी बघायला लागले. मी आणखी आवळला. साडेचारशे. पाचशे. माझ्या लाजेवर गुरुजी पन्नास-पन्नास चढवत होते. मी खाली मान घातली. डोळ्यांसमोर फक्त फरशी होती आणि कानांत आकडे. आमच्या घरात महिन्याचं रेशन, भाडं, मुलीची फी मिळून जो आकडा व्हायचा, तो मागे पडला.

साडेसातशेला हे दारात आले, हातात चहाचा ग्लास. आकडा ऐकला आणि ग्लास तसाच धरून उभे राहिले. ओरडले असते तर सगळं उघड झालं असतं, म्हणून तिथूनच खुणा करायला लागले. उजव्या खांद्यावरून हात खाली झटकायचे, पुन्हा झटकायचे. मला वाटलं, माझा खांदा उघडा पडला आहे, तेच सांगताहेत. मी दोन्ही हातांनी पदर गळ्याशी धरला. ह्यांनी डोळे मिटले.

"साडेदहाशे, शेठ," गुरुजी म्हणाले. "अकराशे, मागून."

शेठनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि हात जोडले. "सोडलं बुवा. बाई काय मागं हटत न्हाई."

एक वार, दोन वार, तीन वार. टोल पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, शेजारी कुणाचा तरी सत्कार आहे.

पैसे भरायच्या टेबलापाशी हे आणि मी उभे राहिलो. ह्यांच्याकडे होते तीनशे, माझ्या पर्समध्ये पन्नास. साडेसातशे कमी. त्यांचा नियम असा, की घेतलेल्या वस्तूचे पैसे हॉल बंद व्हायच्या आत भरायचे. नाही भरले तर नाव काढून टाकायचं आणि पुन्हा त्या हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही. बोली म्हणजे शब्द, असं गुरुजी म्हणायचे. मला एकदम ह्यांचा तो ताठ बसलेला चेहरा आठवला. ती एकच जागा होती ह्यांची, आणि ती मी घालवली होती.

"गुरुजी, खुणेत गोंधळ झाला," हे म्हणाले.

गुरुजींनी कागद काढला आणि चष्म्यातून वाचला. "'पदर दोन्ही खांद्यांवर, बोली चालू.' सही तुमची." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि साहेब, बोली तर अजून चालूच आहे."

माझे हात अजून गळ्याशीच होते. मागे कुणी तरी फिसकन हसलं. मी कानातल्या कुड्या काढायला हात नेला आणि त्या हॉलमधलं माझं पहिलं वाक्य बोलले. "या घ्या."

"ओ वहिनी, थांबा," मागून शेठ आले. "ही काय भानगड? द्या तो कागद." त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. मग बाकावर बसले आणि असे हसले की सफारीचं बटण तुटतं की काय असं वाटलं. "म्हणजे एवढा वेळ मी पदराशी भांडत हुतो व्हय? अन् मी म्हणतोय, ही बाई कोण, एवढं काय माहीत हाय हिला त्या रुपयाचं!"

ह्यांचे कान लालभडक. "शेठ, तुम्हीच घ्या नाणं. तुम्हाला हवंच होतं."

"अकराशेला? तेव्हा ताव चढला हुता, आता उतरला. तीनशेला देता?"

ह्यांनी हातातल्या रुपयावर मूठ मिटून घेतली. तेव्हासुद्धा! एवढं सगळं होऊन मूठ मिटली.

शेठनी पाकिटातून साडेसातशे मोजून गुरुजींसमोर ठेवले. "व्याज नको. पण एक अट हाय. पैसे वहिनींनी आणून द्यायचे, इथं, या हॉलमध्ये, माझ्या हातात. तुमच्या हातात पैसे आले की त्याची नाणी होतात."

परतताना आम्ही बसमध्ये बसलो. वाशी गेलं, सानपाडा गेलं. शेवटी मी विचारलं, "फार राग आलाय का?"

"राग?" ह्यांनी मूठ उघडली. "अगं, बघ तरी. कड किती स्वच्छ आहे."

बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला एक दिवस लागला. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी एक मावशी होती, जवळच्याच गावातली, आगरी. टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, "काय गो बाय, येक रुपया आकराशेला इकत घेतलास? माज्याकरं यायचा ना, मी तुला दोन रुपयान दिला असता."

"मावशी, तो जुना असतो."

"मंग माजा काय नवा हाय? आनि तुजा नवरा काय बोलला?"

"म्हणाले, कड चांगली आहे."

मावशीने कपाळावर हात मारला. "दोगं पन येरीच हाव." वेड्यांना ती येरी म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी तिने टोपलीच्या जोडीला एक गाठोडं आणलं. मी साड्यांना फॉल लावते, हे तिला ठाऊक होतं. तिच्या गावात लग्नं होती. चौदा साड्या. "डाग पारू नको," एवढंच म्हणाली आणि गेली. साड्यांना चार दिवस बोंबलांचा वास होता, मी तो तक्रार न करता शिवला.

एका साडीचे तीन रुपये. असे साडेसातशे उभे करायचे. पण खरं सांगते, पैशांचं तेवढं ओझं वाटलं नाही, जेवढं ते नेऊन द्यायचं वाटलं. तीन महिन्यांनी मी पाकिटात साठ रुपये घालून गेले. हॉलच्या दारात पाय अडला. पाकीट ह्यांच्या हातात कोंबलं. हे गेले आणि तसेच परत आले. शेठनी हात पाठीमागे बांधले होते. "करार वहिनींशी," ते तिथूनच मोठ्याने म्हणाले. मग मी गेले. टेबलं, काचा, वळलेली डोकी, सगळं ओलांडून. "साठ," म्हणाले. "साठ," शेठ म्हणाले आणि डायरीत लिहिलं. घरी येऊन मी दोन ग्लास पाणी प्यायले.

त्या दिवशी पैसे दिल्यावर, बसला वेळ होता म्हणून मी हॉलमध्ये त्याच कोपऱ्यात बसले होते, सवयीने पदर घेऊन. तर गंमत झाली. लिलावात एका तांब्याच्या नाण्यावर दोघांची जुंपली होती. त्यातल्या एकाने मागे पाहिलं, मला बघितलं आणि पाटी खाली ठेवली. "त्या बाई बसल्यात," तो शेजाऱ्याला म्हणाला. गुरुजींनी टोल हातात धरून मला विचारलं, "वहिनी, आज पदराचा काय अर्थ धरायचा?"

"नुसताच पदर," मी म्हणाले. सगळे हसले. मीही थोडी हसले.

पुढच्या वेळी एक पोस्टातले काका माझ्याकडे आले. त्यांना एक नाणं हवं होतं, पण स्वतः बोली लावली की हात कापायचा. "तुम्ही नुसत्या बसा माझ्या वतीने," म्हणाले, "पाच रुपये देईन." मी म्हटलं, बसायला कशाला पैसे? तर हे मध्येच म्हणाले, "घे, घे. बसणं महाग पडतं आपल्याला." मी पाटी मागून घेतली. पदराची खूण पुन्हा करणार नव्हते. हरलेच तर निदान हात वर करून हरेन, असं ठरवलं. काकांनी दीडशेपर्यंत सांगितलं होतं. शंभरला पाटी वर केली. समोरच्याने मागे पाहिलं आणि सोडून दिलं. दीडशेला मी पाटी खाली ठेवणार होते, हे त्याला काय माहीत?

असे दर प्रदर्शनात दोघे-तिघे यायला लागले. दोनदा मी हरले, कारण सांगितलेल्या आकड्याला मी खरंच थांबते हे हळूहळू लोकांना कळलं. पण तोवर माझ्याकडे बघणाऱ्यांकडे मलाही बघता यायला लागलं होतं. कोण मान खाजवतो, कोण थुंकी गिळतो, कुणाची मर्यादा जवळ आली, हे शेवटच्या रांगेतून फार छान दिसतं. ह्यांना मी सांगितलं, "तुमचे कानच नाही, अहो, तुमचा अंगठासुद्धा हलतो." तेव्हापासून हे अंगठा मुठीत धरतात.

तीन वर्षं लागली. कधी साठ, कधी शंभर, एकदा मुलगी आजारी होती म्हणून पंचवीसच. शेठ प्रत्येक वेळी डायरीत लिहायचे आणि प्रत्येक वेळी एखादा टोमणा असायचा. "वहिनी, पदर जरा सैल सोडला असता तर माझं वजन दोन किलो कमी असतं, ताव खाऊन वाढलं." शेवटचे पन्नास राहिले त्या दिवशी मी पाकीट पुढे केलं. शेठनी डायरी मिटली.

"राहू द्या वहिनी. सातशे आले. पन्नासची काय कथा? मिठाई समजा पोरीला."

"नाही," मी म्हणाले.

"अहो, मीच म्हणतोय ना, सोडले."

हॉलमधली माणसं वळून बघायला लागली होती. गुरुजींनी टोल उचलून धरला होता. मी शेठच्या तोंडाकडे बघत पदर हळूच दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि गळ्याशी धरला.

"घेतो, घेतो!" शेठ ओरडले. "द्या इकडं, न्हाईतर आकडा चढायचा."

गुरुजींनी टेबलावर टोल मारला. शेठ नोटा तशाच खिशात घालायला लागले. मी त्या मोजायला लावल्या. दहा-दहाच्या पाच होत्या. त्यांनी डायरीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि वही फिरवून मला दाखवली. साडेसातशे, पुरे.